गुगल अर्थवर काढलेल्या वाटांना उंची कशी द्यायची? येऊरला मिळते, पारसिकला शून्य येतं

मेधा, घोडबंदर रोड

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते. मुलांना घेऊन एक काम सुरू केलंय. ठाण्याच्या दोन अंगांना येऊर आणि पारसिक असे दोन डोंगर आहेत. त्यांवरच्या पायवाटा, ओहोळ, पाडे आणि पाणवठे नकाशावर उतरवायचे आणि प्रत्येकाला उंची द्यायची. येऊरला जिथे वनखात्याची परवानगी मिळाली तिथे प्रत्यक्ष फिरलो, बाकीचं गुगल अर्थ प्रोमध्ये उपग्रहाच्या चित्रावर रेषा ओढून केलं. ते केएमएल फाइलमध्ये सेव्ह करून क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं.

गुगल अर्थमध्ये कर्सर फिरवला की खाली उंची दिसते, म्हणून वाटलं ती फाइलमध्येही येईल. पण क्यूजीआयएसमध्ये सगळ्या बिंदूंची झेड व्हॅल्यू, म्हणजे उंची, शून्य. मग ठाण्याचं एसआरटीएम, म्हणजे चौकोनाचौकोनात उंचीचे आकडे असलेलं रास्टर, डाउनलोड केलं आणि त्यावरून रेषांना उंची देणारं प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं ‘ड्रेप’ चालवलं. आता अडचणी अशा आहेत:

येऊरच्या वाटांना उंची मिळाली, पारसिकच्या सगळ्या रेषा मात्र शून्यावरच आहेत. फाइल तीच, टूल तेच.

पाटोणापाड्याकडे जाणारी एक वाट मधल्या सोंडेवरून चढून उतरते. मुलांना चढताना दम लागला होता. प्रोफाइलमध्ये, म्हणजे उंचीच्या आलेखात, मात्र तिथे सरळ उतरती रेघ दिसते, सोंड गायब!

उपवन तलावाच्या पॉलिगॉनला (काठाच्या बंद आकृतीला) उंची दिली, तर काठावरचे आकडे एकमेकांपासून कितीतरी मीटर वेगळे आले. तलावाचं पाणी एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली कसं असेल? हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तो मला फार आवडला. तिला नीट उत्तर द्यायचंय.

शेवटचं, आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. एका पाड्यावर पाण्याची टाकी आहे. तिथून खालच्या वस्तीपर्यंत पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाणी जाईल का, असं तिथल्या बायकांनी मुलांना विचारलं. आमच्या नकाशानुसार टाकी वस्तीपेक्षा ४ मीटर वर आहे. हे त्यांना सांगू का?

---

निनाद, ऐरोली

मेधाताई, पारसिकचं लगेच सांगतो. एसआरटीएमच्या फाइली एकेका अंशाच्या चौकोनात येतात, त्यांना टाइल म्हणतात. तुम्ही घेतलेली एन१९ई०७२ असणार, म्हणजे १९ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७३ रेखांश. येऊर त्यात पूर्ण बसतं. पण ७३ रेखांश कळव्या-ऐरोलीच्या जरा पूर्वेकडून जातं, आणि मुंब्रा, पारसिक त्याच्या पलीकडे. त्यासाठी एन१९ई०७३ वेगळी घ्यावी लागते. नवी मुंबईत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी भेटतं, कारण १९ अक्षांशही इथूनच जातं. सीवूड्स आणि उलव्याच्या मधल्या खाडीच्या आसपास चार टाइलींचे कोपरे एकत्र येतात. उलव्यासाठी एन१८ई०७३ लागते.

दोन्ही टाइली ‘बिल्ड व्हर्च्युअल रास्टर’ने जोडा. त्या खिडकीत प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये (आकड्यांच्या वेगळ्या संचात) टाकायचा एक चौकोन असतो आणि तो आधीपासून टिक केलेला असतो. ती टिक काढा. नाहीतर पारसिक दुसऱ्या बँडमध्ये जातं, ड्रेप पहिलाच बँड वाचतं, आणि परत शून्य.

आणखी एक. ड्रेपमध्ये ‘नो डेटा’साठी कोणता आकडा घालायचा ते विचारतात, तिथे मुळात ० असतो. तिथे -९९९९ लिहा. ठाण्यात ० ही खरी उंचीही असू शकते, खाडीकाठी तर असतेच. -९९९९ दिसलं की रास्टर तिथे पोचलेलं नाही हे चटकन कळतं.

गुगल अर्थचं म्हणाल, तर केएमएलमध्ये तुमच्या रेषा ‘जमिनीला चिकटवा’ अशा खुणेने सेव्ह होतात. मग उंची फाइलमध्ये लिहिलेलीच नसते, बघताना तो प्रोग्रॅम आपल्या भूप्रदेशावर रेष अंथरतो. फाइल बाहेर नेली की ती सपाट.

बाकीचं काकांनी सांगावं. काका, आहात का?

---

लेव्हलवाले काका, कळवा

आहे रे बाबा. ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या कामांवर लेव्हल मारण्यात, म्हणजे उंचीतले फरक मोजण्यात, नोकरी काढली. स्टाफ, ऑटो लेव्हल आणि फील्डबुक. निवृत्तीनंतर पुतण्याने क्यूजीआयएस शिकवलं. म्हणून माझं उत्तर जमिनीकडून येईल, थोडं लांबेल, पण पाड्यावरच्या बायकांना काय सांगायचं हा प्रश्न घाईने उरकण्यासारखा नाही.

आधी सोंडेचं. ड्रेप काय करतं ते डोळ्यापुढे आणा. तुमच्या रेषेवर जिथे जिथे क्लिक केलं तो एक व्हर्टेक्स. ड्रेप फक्त त्या व्हर्टेक्सखाली रास्टरचा जो चौकोन सापडेल त्याची उंची उचलतं. दोन व्हर्टेक्सच्या मध्ये काय आहे ते बघतच नाही. तुमचा एक क्लिक सोंडेच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, मग रेष सोंडेच्या पोटातून आरपार जाणार. उपाय असा: आधी थर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर मध्ये बदलून घ्या, म्हणजे अंतर मीटरमध्ये मोजलं जाईल. मग ‘डेन्सिफाय बाय इंटरव्हल’ चालवून दर २०-३० मीटरला व्हर्टेक्स घाला. त्यानंतर ड्रेप. अंशातल्या थरावर डेन्सिफाय चालवून ३० लिहिलंत तर तो ३० अंश समजतो आणि एकही बिंदू घालत नाही. टूल तक्रार करत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं झालं काम.

व्हर्टेक्स दर दोन मीटरला घालायचा मोह आवरा. रास्टरचा चौकोनच ३० मीटरचा आहे. त्यात पंधरा बिंदू घातले तर पंधराही बिंदूंना तोच आकडा मिळेल आणि वाट जिन्यासारखी दिसेल. एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये असते, दशांश नाही, त्यामुळे पायऱ्या आणखी ठळक होतात. गुळगुळीत हवं असेल तर रास्टर आधी ‘वॉर्प’ने ३२६४३ मध्ये न्या आणि रिसॅम्पलिंग बायलिनिअर किंवा क्युबिक ठेवा. दिसायला बरं होतं. माहिती वाढत नाही, हे मुलांना जरूर सांगा.

चढाची बेरीज करणार असाल तर त्याहून सावध राहा. रास्टरमध्ये थोडा खडबडीतपणा असतोच. दर बिंदूला एखाद-दोन मीटर वर, एखाद-दोन मीटर खाली. वाट सपाट असली तरी सगळे ‘वर’ मिळवले की शे-दोनशे मीटरचा चढ तयार होतो. मी पाच मीटरपेक्षा कमी फरक बेरजेत धरत नाही. शिवाय गुगल अर्थवर काढलेली रेष खऱ्या वाटेपासून १५ मीटर बाजूला सरकली असेल आणि उतार ३० अंशांचा असेल, तर तेवढ्यानेच उंचीत साडेआठ मीटरचा फरक पडतो. येऊरच्या कडेकडेने जाणाऱ्या वाटांना हे हटकून होतं. झाडीखालची वाट चित्रात दिसत नाही, आपण अंदाजाने ओढतो.

आता उपवन. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. तिने जे विचारलं तेच लेव्हलच्या कामाचं मूळ आहे: पाणी सपाट असतं, म्हणून आपण पाण्याने लेव्हल तपासतो. तलावाच्या काठावरचा ३० मीटरचा चौकोन अर्धा पाण्यात, अर्धा रस्त्यावर, एखाद्या बाजूला झाडांवर नाहीतर इमारतीच्या गच्चीवर पडतो. या सगळ्याची सरासरी तुमच्या काठाला मिळते. म्हणून तलावाला ड्रेप लावूच नये. तलावाच्या आतल्या भागावर ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ चालवा, मीडियन (मधला आकडा) घ्या आणि ‘सेट झेड व्हॅल्यू’ने तो एकच आकडा सगळ्या काठाला द्या. पॉलिगॉन काठाने थोडा आत घेतलात, निगेटिव्ह बफरने, तर आकडा आणखी स्वच्छ येतो. मासुंदा तलाव असो की उपवन, हीच रीत.

पाड्यांच्या पॉलिगॉनचं वेगळं. पाडा उतारावर असतो, त्याची एक उंची नसते. किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे तक्त्यात ठेवा. ड्रेप केलेल्या पॉलिगॉनला झेड फक्त हद्दीवर मिळतो, आत काही नसतं. आणि रेल्वेची रेष काढली असेल तर ड्रेपपासून लांब ठेवा. पारसिकचा बोगदा १९१६ साली झाला, सव्वा किलोमीटरहून लांब. ड्रेप केलंत तर गाडी डोंगर चढून पलीकडे उतरते. पुलांचं उलट होतं. खाडीवरचा पूल पाण्यात जाऊन बसतो.

आता टाकी.

तुमच्या नकाशात चार मीटरचा फरक आहे. एसआरटीएमची जी अचूकता सांगितली जाते ती अशी, की शंभरातल्या नव्वद ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत. आपल्याकडे सपाटीवर ती पुष्कळ कमी निघते, पण येऊरसारख्या झाडीच्या डोंगरावर मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही. ती रडारने मोजलेली उंची आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत बहुतेक जग मोजलं. त्या रडारची लाट दाट पानांतून जमिनीपर्यंत पूर्ण पोचत नाही. टाकी मोकळ्या कातळावर आणि वस्ती झाडांत असेल, तर वस्तीची उंची झाडांच्या शेंड्यांकडे सरकलेली असते. म्हणजे तुमचे चार मीटर प्रत्यक्षात दहा असतील. टाकीवर झाडं असतील तर उलट, फरक शून्य असेल किंवा वस्तीच वर असेल. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचं ३० मीटरचं रास्टर एसआरटीएमपेक्षा चांगलं आहे, दशांशात आहे, माझी पहिली पसंती तीच. पण तेही पृष्ठभाग मोजतं, झाडं आणि घरं धरून.

तेव्हा बायकांना एवढंच सांगा: नकाशा होकार देत नाही आणि नकारही देत नाही, आम्ही येऊन मोजतो. आणि खरंच जा. ऑटो लेव्हल मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप घ्या, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. पंधरा मीटर लांबीची पुरे. दोन मुलं, दोन उभ्या काठ्या, काठीवर टेपने मिलिमीटरच्या खुणा. नळीत पाणी भरा आणि आत एकही बुडबुडा नाही याची खात्री करा, नळीची दोन्ही टोकं शेजारी धरली की पाणी समान दिसलं पाहिजे. टाकीपाशी पहिली काठी, उतारावर दुसरी. दोन्हीकडची पाण्याची रेघ काठीवर वाचा, वजाबाकी लिहा. मग मागची काठी पुढे न्या. पुढची हलवायची नाही, तिच्या तळाला दगडावर खूण करा. असं करत वस्तीपर्यंत. उभा उतार असेल तर अंतर लहान घ्या, नाहीतर पाणी नळीतून सांडेल.

आणि तसंच मोजत परत टाकीपाशी या. सुरुवातीची उंची आणि परत आल्यावरची उंची यांत जो फरक पडेल ती तुमची क्लोजिंग एरर. ती दोन-तीन सेंटिमीटर आली तर मुलांची पाठ थोपटा. अर्धा मीटर आली तर परत मोजा, कुठेतरी आकडा चुकीचा लिहिला गेलाय.

उतार असला तरी पाणी पोचेलच असं नाही. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब, चार मीटरला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पाइप अर्धा इंची आणि लांब असेल तर घर्षणातच बराच जातो. पाइप एक इंची घ्या, आणि वाटेत कुठे टाकीपेक्षा वर चढत नाही ना ते बघा.

---

मेधा, घोडबंदर रोड

काका, खूप खूप आभार. व्हर्च्युअल रास्टरची टिक काढली आणि पारसिक उभं राहिलं! उपवनही आता सपाट आहे. नळीचं मुलांना सांगितलं तर ती आत्ताच निघायला तयार झाली.

एक विचारते. आम्ही फिरताना फोनवर ट्रॅक रेकॉर्ड केला होता. त्यात ठाणे स्टेशनपाशी उंची उणे पन्नासच्या पुढे आली आहे. आमच्या एका सहकाऱ्याने इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडीईएम हे उंचीचं रास्टर घेतलं, त्यातही खाडीकाठ उणे आहे. दोन वेगळी साधनं एकच चूक कशी करतील?

---

लेव्हलवाले काका, कळवा

ताई, दोन्ही बरोबर आहेत, फक्त शून्य वेगळं आहे. उपग्रहाची उंची पृथ्वीच्या गुळगुळीत लंबगोलापासून मोजलेली असते. समुद्राची पातळी त्या लंबगोलाला धरून राहत नाही, गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होते. त्या पातळीला जिऑइड म्हणतात. हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, जिऑइडचा जगातला सगळ्यात मोठा खड्डा आहे, शंभर मीटरहून खोल. त्याचा उतार आपल्यापर्यंत येतो. मुंबई-ठाण्यात जिऑइड लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. म्हणून समुद्रसपाटीपासून सात-आठ मीटर वरचं ठिकाण लंबगोलापासून उणे पन्नासच्या पुढे दिसतं. बऱ्याच अँड्रॉइड अॅपमध्ये तीच उंची येते, कार्टोडीईएमही लंबगोलावरचंच. एसआरटीएम ईजीएम९६ या जिऑइडवर आहे, कोपर्निकस ईजीएम२००८ वर.

ठाण्याएवढ्या भागात हा फरक जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये तेवढे मीटर मिळवले की काम होतं. नेमका आकडा जिऑइडच्या रास्टरवरून घ्या. पण मिळवण्याआधी पडताळा. मोठ्या स्टेशनांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. कुठे जुन्या दगडावर जीटीएस बी.एम. कोरलेलं सापडलं तर त्याहून उत्तम, तो सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण. मुंबईकडचे जुने ड्रेनेजचे नकाशे हाती आले तर तिथे टाउन हॉल डेटम (मोजणीचं वेगळं शून्य) असतो. त्यात सपाट भागालाही वीस-पंचवीसच्या पुढचे आकडे दिसतात, घाबरू नका.

आणि एकाच थरात दोन शून्यं कधीही मिसळू देऊ नका. अर्ध्या वाटा फोनच्या उंचीच्या, अर्ध्या एसआरटीएमच्या असं झालं तर नकाशात पासष्ट मीटरचे कडे उभे राहतील.

---

उलवेकर

काका, याच धाग्यात विचारतो. नवी मुंबई विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतलं कोंबडभुजे माझ्या मामाचं. तरघर, वाघिवली, उलवे, कोंबडभुजे यांचा घरं, शेतं, खाजणाचे बांध यांच्यासकट नकाशा करतोय. गुगल अर्थ प्रोमध्ये जुनी चित्रं काढून त्यावर पॉलिगॉन ओढलेत. ड्रेप केलं तर धावपट्टीच्या जागी डोंगर येतोय. उलव्याचा डोंगर तर केव्हाच कापला. कोपर्निकस घेतलं तरी तेच. नवीन रास्टर कुठे मिळेल?

---

लेव्हलवाले काका, कळवा

तुम्हाला नवीन नकोच आहे. एसआरटीएम २००० सालचं. कोपर्निकसचं रास्टर ज्या टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या मोजणीवरून झालं ती मोजणी साधारण २०११ ते २०१५ ची. डोंगर फोडायचं मोठं काम त्यानंतरचं. म्हणजे ही दोन्ही रास्टरं तुमच्या मामाच्या गावाच्या काळातली आहेत. तो जवळपास नव्वद मीटरचा डोंगर, त्याची सोंड, नदी वळवण्याआधीचं तिचं पात्र, सगळं त्यात आहे. तुमच्या कामाला याहून योग्य काही नाही. फक्त थराच्या नावात साल लिहा, म्हणजे उद्या कोणी ते आजच्या उंचीसाठी वापरणार नाही.

खाजणाच्या बांधांची उंची मात्र यातून येणार नाही. बांध मीटर-दीड मीटरचा आणि दोन-तीन मीटर रुंद, तो ३० मीटरच्या चौकोनात विरून जातो. ज्यांनी ते बांध घातले आणि दरवर्षी दुरुस्त केले ती माणसं भेटत असतील तर त्यांना विचारून बांधाची उंची आणि उघाडी (पाणी सोडायची दारं) कुठे होती ते वेगळ्या रकान्यात लिहा. ते कुठल्याही उपग्रहाकडे नाही.

---

रेश्मा, बेलापूर

काका, माझा प्रश्न भरतीचा. वर्तमानपत्रात ‘आज ४.८ मीटरची भरती’ असं येतं. आमच्या सेक्टरचे पॉलिगॉन आणि होल्डिंग पॉन्ड उंचीसकट केलेत. ४.८ मीटरच्या खालचं सगळं निळं रंगवलं तर भरतीला कुठे पाणी येऊ शकतं ते कळेल का? सोसायटीच्या बैठकीत दाखवायचंय.

---

लेव्हलवाले काका, कळवा

असं रंगवू नका, लोक उगीच घाबरतील. भरतीचे आकडे समुद्रसपाटीपासून नसतात, चार्ट डेटमपासून असतात. ती जहाजांसाठीची पातळी, सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासची. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी तिच्यापेक्षा साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती तुमच्या रास्टरच्या भाषेत २.३ मीटरच्या आसपास. शिवाय ईजीएमचं शून्य आणि आपल्या किनाऱ्यावरची खरी सरासरी पातळी तंतोतंत एक नसतात.

आता अडचण बघा. बेलापूर, वाशी, नेरुळची भराव घातलेली जमीन याच दोन-चार मीटरच्या पट्ट्यात आहे. तिथे पूर्ण मीटरमध्ये लिहिणारं आणि इमारतींच्या गच्च्या मोजणारं रास्टर घेऊन अर्ध्या मीटरचा निवाडा होत नाही. वर, नवी मुंबईत पाणी नुसत्या उंचीवर चालत नाही. भरतीला फ्लॅप गेट (एकतर्फी झडप) बंद होतं, पावसाचं पाणी होल्डिंग पॉन्डमध्ये साठतं, ओहोटीला बाहेर जातं. पॉन्ड गाळाने भरला असेल तर भरती कमी असूनही रस्त्यावर पाणी येतं, आणि पॉन्ड साफ असेल तर मोठ्या भरतीलाही येत नाही.

तुम्ही असं करा. रास्टर बाजूला ठेवा. महापालिकेकडे किंवा सिडकोकडे अर्ज करून पावसाळी गटारांच्या नकाशातले इन्व्हर्ट लेव्हल (गटाराच्या तळाची उंची) आणि रस्त्यांचे लेव्हल मागा, आणि डेटम कोणता ते लेखी घ्या. ते आकडे बिंदू म्हणून टाका, पॉलिगॉनला त्यांचा झेड द्या. त्यावर मागच्या पावसाळ्यात पाणी कुठे आणि कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते रहिवाशांकडून भरून घ्या. त्या पायरीला लेव्हल मारली की तुमच्या बैठकीत कोणी वाद घालणार नाही.

---

निनाद, ऐरोली

एक छोटी भर. झेड असलेले थर शेपफाइलमध्ये सेव्ह करताना ‘झेड डायमेन्शन समाविष्ट करा’ ही टिक बघा, काही वेळा ती नसल्यामुळे उंची गळून पडते आणि कळतही नाही. मी जिओपॅकेज हा फाइलप्रकार वापरतो. आणि गुगल अर्थमध्ये परत न्यायचं असेल तर केएमएलमध्ये उंचीचा प्रकार ‘अॅब्सोल्यूट’ ठेवा, नाहीतर तो तुमचा झेड बाजूला ठेवून रेष पुन्हा आपल्या जमिनीवर अंथरतो.

---

मेधा, घोडबंदर रोड

सगळ्यांचे आभार. थराच्या तक्त्यात आता मुलांनी तीन रकाने घातलेत: उंची कुठल्या रास्टरवरून, कुठल्या सालची, शून्य कोणतं. टाकीचं मोजमाप येत्या रविवारी करतोय, पाड्यावरच्या दोघीजणी बरोबर येणार आहेत. काका, टाकीपाशी सुरुवातीची खूण कशावर करू? जमीन मुरमाची आहे, दगड हलतात.

---

लेव्हलवाले काका, कळवा

टाकीच्या काँक्रीटच्या पायावर करा, कोपऱ्यात, पायाचा दगड बाहेर आलेला असेल तिथे. छिन्नीने छोटा बाण कोरा आणि वर लाल ऑइलपेंट लावा. तिला १०० मीटर असा मानलेला आर.एल. (पातळीचा आकडा) द्या, म्हणजे मुलांना उणे आकडे हाताळावे लागणार नाहीत. वस्तीकडेही अशीच पक्की खूण करा, एखाद्या घराच्या जोत्यावर, घरच्यांना विचारून. रविवारचं फील्डबुक इथे टाका, मी बेरजा तपासून देतो.